ऑइल प्रेशरचा दिवा पुन्हा पुन्हा लागतो: जुन्या मोटारसायकलचा स्विच बदलण्याआधी काय तपासावे आणि बदलताना काय सांभाळावे

माझी मोटारसायकल २५० सीसीची, एका सिलिंडरची आणि २०१२ सालची असून ती मी २०१७ मध्ये पहिल्या मालकाकडून विकत घेतली. घाटंजी तालुक्यातील आमच्या गावातून वावराकडे जाणारी पांदण, आठवड्यातून एक-दोनदा पांढरकवड्याची फेरी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा नागपूर, असा तिचा वापर आहे. मीटरवरील ऑइलच्या कॅनचे चिन्ह असलेला तिचा लाल दिवा दोन वर्षांत वारंवार लागत राहिला, आणि त्यासाठी ऑइल प्रेशर स्विच तीन वेळा बदलूनही तक्रार मिटली नाही. ती नेमकी का मिटत नव्हती, हे शोधताना जे हाती लागले ते येथे सविस्तर लिहितो, कारण तीनही वेळा स्विच बदलण्याची घाई झाली आणि एकदाही प्रत्यक्ष प्रेशर मोजले गेले नाही.

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. गावातील बहुतेक १०० आणि १२५ सीसीच्या गाड्यांमध्ये हा स्विच नसतोच; त्यांच्या इंजिनाच्या बाजूला तसा बोल्ट दिसला तरी तो बहुधा गिअरच्या न्यूट्रलचा स्विच असतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांपैकी ज्यांना ऑइलची वेगळी टाकी असे, त्यांतील काहींचा दिवा टाकीतील ऑइलची पातळी दाखवत असे, प्रेशर नव्हे. त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत हा दिवा नेमका कशाचा आहे, हे पाहूनच पुढे जावे.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. गाडी चालू असताना हा दिवा लागून राहिला, तर प्रथम इंजिन बंद करावे आणि मग विचार करावा. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधील साध्या, म्हणजे गोळे किंवा रोलर नसलेल्या, बेअरिंगमध्ये धातूला धातू लागू न देण्याचे काम ऑइलचा एक पातळ थर करत असतो, आणि तो थर प्रेशरवर टिकून असतो. प्रेशर खरोखरच गेले असेल, तर एखाद-दोन किलोमीटरचे अंतरही बेअरिंग घासून जाण्यास पुरेसे ठरू शकते. 'पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ, तेथे गॅरेज आहे' हा विचार मे महिन्यातील उन्हात मनात येतोच, परंतु गाडी ढकलत नेण्याचे कष्ट इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

स्विचची रचना अगदी साधी आहे. इंजिनामधील ऑइलच्या मुख्य वाहिनीत तो आट्यांनी बसवलेला असतो आणि त्याच्या आत एक पातळ पडदा, एक स्प्रिंग आणि एक संपर्कबिंदू असतो. प्रेशर नसते तेव्हा संपर्क जुळलेला असतो आणि दिव्यातून आलेला करंट स्विचच्या अंगातून, त्याच्या आट्यांतून, इंजिनाच्या धातूत उतरून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो. इंजिन सुरू होऊन प्रेशर साधारण ०.२ ते ०.५ किलोच्या पुढे गेले, म्हणजे आमचे मिस्त्री ज्याला 'किलो' म्हणतात त्या दर चौरस सेंटिमीटरमागील किलोच्या मापाने, की पडदा उचलला जातो, संपर्क सुटतो आणि दिवा विझतो. स्विचला एकच वायर असते आणि दुसरा रस्ता इंजिनाच्या धातूतून जातो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढील सर्व गोंधळ उलगडतो. ती वायर वाटेत कोठेही सोलून फ्रेमला टेकली, तरी दिवा प्रेशर गेल्यासारखाच लागेल. आणि स्विचचे अंग इंजिनाच्या धातूपासून वेगळे पडले, तर प्रेशर शून्य असतानाही दिवा लागणार नाही.

माझ्या गाडीत या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. पहिल्यांदा दिवा मे महिन्यात लागला. पारा ४५ अंशांवर होता आणि पांदणीवरील वाळलेल्या चाकोऱ्यांतून जाताना दिवा क्षणभर चमके व पुन्हा विझे. ऑइलची पातळी बरोबर होती, म्हणून गावातील मिस्त्रींनी स्विच बदलला आणि तीन आठवडे काही झाले नाही. त्यानंतर तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. दुसरा स्विच बसवताना योग्य मापाची गोटी, म्हणजे षट्कोनावर पूर्ण बसणारा सॉकेट पाना, उपलब्ध नव्हती, तेव्हा पाइप पान्याने स्विचचे डोके धरून तो आवळण्यात आला. स्विचचे डोके आणि खालचा षट्कोनी भाग हे एकमेकांत दाबून बसवलेले दोन वेगळे भाग असतात. ते सैल झाले आणि पंधरवड्याच्या आत वायरीच्या रबरी टोपीखालून ऑइल झिरपू लागले. हे ऑइल वाऱ्याने मागच्या टायरवर जाऊ शकते, म्हणून ही गळती किरकोळ समजू नये. तिसऱ्या वेळी मिळाला तो चारचाकीचा स्विच, आणि त्याच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे पाच-सहा वेढे घालून तो बसवला गेला. गळती थांबली, दिवाही थांबला, आणि मी चार महिने निर्धास्तपणे गाडी चालवली.

ते निर्धास्त असणे किती चुकीचे होते, हे पावसाळ्यात कळले. खड्ड्यातून जाताना दिवा पुन्हा क्षणभर चमकला, म्हणून गाडी थांबवून मी चावी बंद केली आणि पुन्हा सुरू केली, तर इंजिन बंद असूनही दिवा लागला नाही. इंजिन बंद असताना प्रेशर शून्य असते, म्हणजे दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नव्हता, तरीही खड्ड्यात मात्र चमकत होता. याचा अर्थ बल्ब शाबूत होता, टेपमुळे स्विच इंजिनाच्या धातूपासून तुटला होता, आणि वायर मात्र दुसरीकडेच कोठेतरी फ्रेमला टेकत होती. माझ्या मते सर्वांत धोक्याची अवस्था हीच आहे. विनाकारण लागणारा दिवा आपल्याला त्रास देतो, पण न लागणारा दिवा खरे प्रेशर गेले तरी गप्प बसतो.

दिवा केव्हा लागतो, याची नोंद स्विचला हात लावण्यापूर्वी करावी. खड्ड्यात, हँडल वळवताना किंवा पाऊस पडून गेल्यावर लागत असेल, तर बहुतेक वेळा वायर दोषी असते. इंजिन चांगले तापल्यावर केवळ आयडलिंगला मिणमिणत असेल आणि किंचित अॅक्सिलरेटर देताच विझत असेल, तर ऑइल पातळ झालेले, कमी झालेले किंवा पंप झिजलेला असू शकतो, अथवा स्विचची स्प्रिंगच बिघडलेली असू शकते. सकाळी सुरू केल्यावर विझण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ घेत असेल, तर फिल्टर आणि जाळी पाहावी. वळणावर किंवा ब्रेक मारताना लागत असेल, तर सर्वप्रथम ऑइलची पातळी पाहावी. पातळी पाहताना गाडी सपाट जागेवर सरळ उभी असावी, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटे झालेली असावीत, आणि डिपस्टिक आटे फिरवून आत बसवायची की नुसती टेकवायची हे पुस्तिकेत पाहावे, कारण या एका फरकाने पातळी चुकीची दिसते. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरणेही वाईटच. ते घुसळले जाऊन त्यात फेस होतो आणि फेसावर प्रेशर टिकत नाही.

त्यानंतर वायरीची परीक्षा करावी. चावी सुरू करून, इंजिन बंद ठेवून, स्विचवरील वायर काढावी आणि ती कोठेही टेकू न देता धरावी. दिवा विझला पाहिजे. तरीही तो लागून राहिला, तर वायर वाटेत कोठेतरी फ्रेमला लागलेली आहे आणि नवा स्विच आणण्याची गरज नाही. मग वायरीचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावे. आता दिवा लागला पाहिजे. न लागल्यास बल्ब, फ्यूज किंवा तुटलेली वायर शोधावी. शेवटी मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक स्विचच्या टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाला लावावे. इंजिन बंद असताना रोध शून्याच्या जवळ असावा आणि सुरू झाल्यावर जोड तुटलेला दिसावा. काही गाड्यांत ही वायर थेट दिव्याकडे न जाता मीटरमधील किंवा इंजिनाच्या नियंत्रण पेटीतून जाते, तेथे दिव्याचे वागणे थोडे वेगळे असू शकते. मात्र स्विचची मल्टिमीटरने केलेली परीक्षा तेथेही लागू पडते. दिवा अधूनमधून लागत असेल, तर वायर जोडलेली ठेवून इंजिन चालू असताना हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हळूहळू हलवून पाहावी, कारण उभ्या गाडीत दोष लपून राहतो.

माझी वायर इंजिनाच्या पुढे, फ्रेमच्या उतरत्या नळीला लागून सोललेली सापडली. पऱ्हाटी उपटल्यानंतर वावरात उरलेल्या खुंटांमधून मी गाडी कित्येकदा धुऱ्यापर्यंत नेली होती. त्या खुंटांनी वायर धरून ठेवणारी क्लिप तोडली आणि मोकळी झालेली वायर कंपनाने नळीवर घासत राहिली. आपल्याकडील गाड्यांना हा धोका विशेष आहे. याखेरीज सोयाबीन किंवा कापसाची साठवण असलेल्या खोलीत गाडी उभी राहते, तेथे उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात, आणि काळ्या मातीचा चिखल इंजिनाखाली वाळून घट्ट बसल्यावर तो तोडताना वायरही ओढली जाते. सोललेल्या जागी मी वायर तोडून नवा तुकडा डाग देऊन जोडला, त्यावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली, आणि वायर नळीच्या मागील बाजूने नेऊन दोन ठिकाणी बांधली. नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये, कारण इंजिनाच्या उष्णतेने तिचा गोंद पाघळतो.

येथे मी थांबणार होतो. तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी मिस्त्रींनी मात्र मला अडवले. ते म्हणाले, "भाऊ, दिवा खोटं बोलत होता हे समजलं, पण प्रेशर बरोबर आहे हे कुठं समजलं?" ट्रॅक्टरच्या कामामुळे त्यांच्याकडे ऑइल प्रेशरचे यांत्रिक गेज, लांब नळी आणि निरनिराळ्या आट्यांची पितळी निपले, म्हणजे नळी जोडण्याचे आटेदार तुकडे, होती. स्विच काढून त्याच्या जागी हाताने सहज पूर्ण फिरणारे निपल बसवले, गेज जोडले आणि इंजिन चांगले तापू दिले. आयडलिंगला काटा ०.६ किलोवर होता, म्हणजे चांगला स्विच असता तर दिवा विझलेलाच राहिला असता. परंतु इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्यावर काटा २ किलोच्या आसपास थरथरत राहिला, तर माझ्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे तेथे तो ४ किलोंच्या पुढे जायला हवा होता. सर्व गाड्यांना हा आकडा लावू नये. क्रँकला रोलर किंवा बॉल बेअरिंग असलेल्या इंजिनांत प्रेशर मुळातच बरेच कमी असते. आपल्या मॉडेलचा आकडा, तो किती तापमानाला आणि किती फेऱ्यांना दिलेला आहे यासह, पाहिला पाहिजे.

काटा वाढत नाही आणि थरथरतो, यावरून पंपाला ऑइल पुरेसे ओढता येत नसावे, असा अंदाज त्यांनी बांधला. क्लचचे कव्हर उघडून तळाची जाळी काढली, तेव्हा अर्धी जाळी क्लच प्लेटच्या काळ्या भुकटीने आणि सिलिकॉन गॅस्केटच्या वाळलेल्या तुकड्यांनी बंद झालेली होती. पूर्वी केव्हातरी हेच कव्हर बसवताना गॅस्केटवर सिलिकॉनचा जाड थर दिला गेला होता आणि आतल्या बाजूला बाहेर आलेला भाग सुटून जाळीवर येऊन बसला होता. जाळी धुऊन, फिल्टर व ऑइल बदलून पुन्हा मोजले, तेव्हा काटा स्थिर राहिला आणि ४ किलोंच्या पुढे गेला. दिव्याला हे कधीच सांगता आले नसते, कारण त्याचे ज्ञान अर्ध्या किलोच्या आतच संपते.

ऑइलबाबत एवढेच सांगतो की दिवा विझावा म्हणून घट्ट ऑइल टाकणे हा उपाय नव्हे. बऱ्याच जुन्या पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार ऑइलच्या ग्रेडचा तक्ता असतो, आणि आपल्याकडील उन्हाळ्यासाठी त्यात दिलेला ग्रेड अवश्य निवडावा. तक्त्याबाहेर जाऊ नये. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातील ऑइल गाडीत ओतण्याची सवय गावोगावी आहे, पण ज्या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो तिला जासो एमए या, अशाच क्लचसाठी ठरवलेल्या जपानी दर्जाचे ऑइल लागते; दुसऱ्या ऑइलने क्लच घसरण्याची शक्यता असते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ते आधी बदलावे आणि पेट्रोल आत कोठून येते ते शोधावे.

आता प्रत्यक्ष स्विच बदलण्याविषयी. नवा स्विच आपल्याच मॉडेलचा आणि पार्ट नंबर जुळवून घ्यावा. आमच्याकडे तो मिळत नाही. नागपूरहून मागवावा लागतो आणि त्यासाठी चार दिवस थांबावे लागले तरी थांबावे. दिसायला सारखे असणारे स्विच आट्यांमध्ये फसवतात. जपानी धाटणीच्या गाड्यांत बहुधा एक अष्टमांश इंची निमुळते ब्रिटिश आटे असतात, ज्यांत इंचाला २८ फेरे येतात. त्याच नावाच्या अमेरिकी आट्यांत २७ फेरे येतात आणि त्यांचा कोनही वेगळा असतो. तर कित्येक चारचाकींच्या स्विचला १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात. चुकीचा स्विच दोन-तीन फेरे हाताने गोड फिरतो आणि मग अडतो. तेथे पाना लावला, तर अॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

इंजिन गार किंवा जेमतेम कोमट असताना काम करावे. स्विचभोवतीची माती आधी ब्रशने आणि थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने साफ करून कोरडी करावी, कारण स्विच निघताच ते छिद्र थेट ऑइलच्या वाहिनीत उघडते आणि मातीचा कण आत गेला तर तो बेअरिंगपर्यंत पोहोचू शकतो. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. रबरी टोपी मागे सारून टर्मिनलचा बारीक स्क्रू योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढावा; तो गंजलेला असेल, तर त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास वाट पाहावी. स्विच काढण्यासाठी खोल गोटीच वापरावी आणि ती षट्कोनावर पूर्ण बसवावी. खाली भांडे ठेवावे आणि सांडलेले ऑइल मोजून नंतर तेवढे भरावे. शक्य असल्यास गाडी स्विचच्या विरुद्ध बाजूला थोडी कलती धरावी, म्हणजे ऑइल कमी सांडते.

छिद्रातील जुना टेप किंवा सीलंट काढताना तो आत ढकलला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. स्वच्छ सुती फडक्याचा पीळ करून तो आट्यांच्या उलट दिशेने बाहेर फिरवत आणावा. माझ्या गाडीतून टेपच्या तीन चिंध्या निघाल्या. यांतील एखादी कॅमशाफ्टकडे जाणाऱ्या बारीक छिद्रात अडकली असती, तर वरचा भाग कोरडा पडला असता. नव्या स्विचच्या आट्यांवर टेप वापरू नये. ऑइल सहन करणाऱ्या द्रव सीलंटचा पातळ हात द्यावा आणि टोकाकडील तीन-चार मिलिमीटर आटे कोरडे ठेवावेत. त्यामुळे सीलंट वाहिनीत जात नाही आणि धातूला धातू लागून अर्थिंगही, म्हणजे इंजिनाच्या धातूशी विजेचा जोडही, नीट मिळतो.

स्विच प्रथम हाताने फिरवावा आणि नंतर टॉर्क पान्याने आवळावा. अनेक गाड्यांत हा टॉर्क १२ ते १५ न्यूटन-मीटर, म्हणजे १.२ ते १.५ किलोग्रॅम-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. निमुळते आटे पाचरीसारखे काम करतात. ते जितके आत जातात तितके भोवतीचे अॅल्युमिनियम फाकवतात, आणि 'अजून थोडा घट्ट' या एका फेऱ्याने इंजिनाच्या खोक्याला तडा जाऊ शकतो. षट्कोनाखाली थोडे आटे दिसत राहिले, तर तो अर्धवट बसला असे समजू नये. निमुळता स्विच टेकेपर्यंत आवळायचा नसतो. सीलंटच्या वेष्टनावर जेवढा वेळ लिहिलेला असेल, तेवढा वेळ तो सुकू द्यावा. वायर जोडताना स्क्रू हलक्या हाताने आवळावा, वायरीला थोडी ढील ठेवावी, ती सायलेन्सर आणि चेनपासून दूर न्यावी, आणि रबरी टोपीत थोडे सिलिकॉन ग्रीस भरून ती नीट बसवावी. टोपी फाटलेली असेल तर बदलावी. सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा जोरदार फवारा या जागेवर मारू देऊ नये.

बॅटरी जोडून, ऑइलची पातळी पूर्ण करून चावी सुरू करावी. दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर इंजिन सुरू करू नये आणि अर्थिंग तपासावे. इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझला पाहिजे, अन्यथा ताबडतोब बंद करावे. दहा-बारा किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच स्विचभोवती पांढरा कागद टेकवून पाहावा. ऑइलचा डाग उमटला तर आवळण्याआधी स्विच काढून आटे पुन्हा साफ करावेत. किरकोळ पाझर थांबवण्यासाठी आवळत राहणे, हेच तडे जाण्याचे नेहमीचे कारण असते.

माझी गाडी यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा चालली आहे. रोज सकाळी चावी फिरवल्यावर दिवा लागल्याचे पाहून मगच मी स्टार्टर दाबतो, दर ५०० किलोमीटरला पातळी पाहतो, आणि वावरात जाऊन आल्यावर इंजिनाखाली हात फिरवून वायरीची क्लिप जागेवर आहे ना, ते चाचपतो. पऱ्हाटीचे खुंट उभे असेपर्यंत गाडी आता धुऱ्यापर्यंत नेत नाही, पांदणीवरच उभी करतो.